ह-४७ च्या सुया

“सर, ललिता हेरवाडेंच्या सुया तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या का?”

पडद्यावरच्या बाईंनी हे इतक्या साध्या आवाजात विचारलं, की मी गडबडलो. फेब्रुवारीतली सकाळ होती. मी नेहमीप्रमाणे रसायनशास्त्र विभागातल्या चौदा नंबरच्या खोलीत, खिडकीजवळच्या माझ्या टेबलाशी बसलो होतो. एकतीस वर्षांत ते नाव माझ्यासमोर कुणी उच्चारलं नव्हतं. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“आठवत नाही,” मी म्हणालो.

हे खोटं होतं. पण मी जन्मभर बोलण्याआधी इतका विचार करत आलो आहे, की घाईत तोंडातून जे बाहेर पडतं ते बहुतेक खोटंच असतं.

बाईंचं नाव ऋचा तेंडोलकर. राजापूरच्या पलीकडे सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, एक स्वयंशाळा आहे, तिचं काम त्या बघत. स्वयंशाळा म्हणजे आपोआप चालणारी प्रयोगशाळा. काचेच्या बंद दालनात यांत्रिक हात मोजतात, मिसळतात, तापवतात, गाळतात आणि काय झालं ते स्वतःच लिहून पुढचा प्रयोग ठरवतात. आमच्या मुलांना ज्याला वर्ष लागायचं ते तिथं दीड दिवसात होतं. या शाळा आल्या आणि आमच्यासारख्या प्रयोगशाळा रिकाम्या झाल्या. कुणी त्या बंद केल्या नाहीत, फक्त मुलं यायची थांबली. एकेकाळी चौदा नंबरमध्ये अकरा जण काम करायचे. आता मी, बंद पडलेला फ्रिज आणि भिंतीतलं एक काचेचं कपाट एवढेच उरलो होतो. निवृत्तीनंतरही मला टेबल ठेवू दिलं होतं. ते माझ्या कामाचा मान म्हणून, की काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणून, हे मी कधी विचारलं नाही.

“आमच्या यंत्राला आम्ही देशभरातल्या जुन्या वह्या वाचायला दिल्या होत्या,” ऋचाबाई सांगू लागल्या. “छापलेलं, न छापलेलं, सगळं. पास कोण झालं, नापास कोण, हे त्याला माहीत नव्हतं. त्याला हेरवाडेंची वही सापडली. त्यातला पदार्थ ह-सत्तेचाळीस.”

“ती वही रद्द ठरली होती.”

“हो. यंत्राने तिच्यातली कृती करून बघितली. अकराशे वेळा. दोनदा सुया आल्या, सर, सुईसारखे स्फटिक. वितळबिंदू एकशे एकवीस. वहीत लिहिलाय तेवढाच.”

मी तो आकडा समोरच्या कागदावर लिहिला.

“आणि मुख्य गोष्ट पुढेच आहे,” त्या म्हणाल्या. “फुरशाच्या विषावर ह-सत्तेचाळीस चालतं. सुयांची भुकटी जिभेखाली ठेवली तर विरघळते, दवाखाना गाठायला तीन-चार तास मिळतात. तुमच्या इथं नंतर जे पापुद्रे निघाले, ते विरघळतच नाहीत. खडू खाल्ल्यासारखं. वस्तू तीच, उपयोग शून्य.”

हे थोडं समजावून सांगायला हवं. स्फटिक म्हणजे रेणूंची रचाई. त्याच विटा उभ्या रचल्या तर एक भिंत होते, आडव्या रचल्या तर दुसरी. काही पदार्थांचे रेणू दोन तऱ्हांनी रचले जातात. एक तऱ्हा पटकन जमणारी पण नाजूक, आमच्या सुयांसारखी; दुसरी जमायला कठीण पण पक्की, पापुद्र्यांसारखी. जोवर पक्की तऱ्हा कुठेच जन्मलेली नाही, तोवर नाजूक तऱ्हा सुखाने तयार होत राहते. पण एकदा पक्क्या तऱ्हेचा एखादा कण त्या खोलीत आला, डोळ्यांना न दिसणारा, बाहीवर बसलेला किंवा श्वासाबरोबर उडणारा, की द्रावणातले सगळे रेणू त्याच्याकडे बघून त्याच्यासारखेच रचले जातात. त्या कणाला आम्ही बीज म्हणतो. एकदा बीज पसरलं की नाजूक रूप त्या जागेत पुन्हा कधीच येत नाही. जगातून पुसल्यासारखं नाहीसं होतं, आणि ते होतं असं म्हणणारा माणूस खोटा ठरतो.

“मग मला का विचारता?” मी म्हणालो. “यंत्राने करून दाखवलंय.”

“अकराशेत दोनदा. त्याने औषध होत नाही. वहीत एक ओळ आहे ती यंत्राला कळत नाही. ‘गुळाच्या पाकाला तार सुटायच्या आधी जसं दिसतं तसं झालं की कड काचेने एकदाच घासणे.’ हे नक्की कधी, ते हेरवाडेबाईंनाच ठाऊक. त्या नुकत्याच शाळेतून निवृत्त झाल्यात, आठवीला विज्ञान शिकवायच्या. आम्ही त्यांना बोलावलं. त्या म्हणाल्या, आधी माझी वही खरी होती असं विद्यापीठाकडून लिहून आणा, मग येते.”

“बरोबर आहे तिचं.”

“आणि विद्यापीठाचा नियम असा, की नाकारलेला प्रबंध पुन्हा उघडायचा तर मूळ स्फटिक पाहिलेल्या गाइडचा लेखी जबाब लागतो. गाइड तुम्ही.” त्या थांबल्या. “तेव्हाच्या समितीपुढे तुम्ही लिहिलं होतं, ‘खात्रीने सांगता येत नाही’. ते अजून तसंच आहे का, सर?”

मी म्हणालो, विचार करून सांगतो.

---

ललिता आमच्याकडे आली तेव्हा पंचवीस वर्षांची होती. शिरोळकडची. वडिलांचं गुऱ्हाळ होतं. उकळत्या काहिलीपाशी लहानपण गेल्यामुळे द्रावण बघून ते काय करणार हे तिला आधी कळायचं. आम्ही थर्मामीटर बघायचो, ती बुडबुडे बघायची. मुलं तिला ‘गुळव्या’ म्हणून चिडवायची. ती म्हणायची, “हसा. तुमचं भांडं करपलं की मलाच हाक मारणार आहात.” आणि तसंच व्हायचं.

आमच्या खोलीत एक रीत होती. कधी सुरू झाली माहीत नाही, माझ्याआधीपासूनची. कुणाचाही नवा पदार्थ पहिल्यांदा स्फटिकरूपात आला, की सगळ्यांनी हातातलं काम ठेवायचं. स्फटिक वॉच ग्लासवर, उथळ काचेच्या बशीत, काढायचे, काच हातोहात फिरायची. प्रत्येकाने आपल्या स्पॅच्युलाच्या, बारीक चपट्या पळीच्या, टोकावर कणभर घेऊन खिडकीच्या उजेडात बघायचं आणि काहीतरी म्हणायचं. नुसतं ‘छान’ म्हटलेलं चालायचं नाही. मग उरलेलं एका छोट्या बाटलीत भरून, नाव-तारीख घालून, भिंतीतल्या काचेच्या कपाटात ठेवायचं. त्याला आम्ही ‘पहिलं पीक’ म्हणायचो. आमचे शिंगेमामा, प्रयोगशाळेचे शिपाई, त्या दिवशी चहात आलं जास्त घालायचे. कपाटात एकशे बत्तीस बाटल्या होत्या. जी मुलं आता कुठे असतील ते मला ठाऊक नाही, त्यांची पहिली पिकं तिथं ओळीने उभी होती. मी रोज सकाळी कपाटाची काच पुसायचो. खरं तर त्यासाठीच विद्यापीठात जायचो.

ललिताच्या सुया आल्या तो ऑगस्टातला एक गुरुवार होता. अकरा वाजले होते. वॉच ग्लास माझ्यापर्यंत आली. मी ती खिडकीपाशी धरली.

मला सगळं आठवत होतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मी दक्षिणेत एका परिषदेला गेलो. तिथल्या एका भिडस्त गृहस्थांशी माझी ओळख झाली. दोन भिडस्त माणसं जेवणाच्या रांगेत मागे राहतात, तशी. त्यांनी हाच पदार्थ वेगळ्या मार्गाने केला होता आणि त्यांना पापुद्रे मिळाले होते. त्यांनी मला एक बाटली दिली. मला फार आनंद झाला. कुणी मला आपण होऊन काही दिल्याचे प्रसंग कमी होते. बाटली मी शर्टाच्या खिशात घालून आणली, आणि सोमवारी सकाळी चहाच्या वेळी मीच म्हणालो, “पाहुण्याचं पहिलं पीक आलंय.” काच फिरली. अकरा जणांनी आपापल्या स्पॅच्युलाने पापुद्रे उचलून पाहिले. ललितानेसुद्धा. मग प्रत्येक जण आपापल्या टेबलाशी गेला.

त्या दिवसानंतर चौदा नंबरमध्ये सुई आली नाही.

बाहेरच्या परीक्षकांनी प्रयोग पुन्हा करून दाखवायला सांगितला. ललिताने आठ महिने तो केला. दर वेळी पापुद्रे, वितळबिंदू एकशे शेहेचाळीस. स्फटिकाची रचना दाखवणारं आमचं क्ष-किरणांचं यंत्र त्या वर्षी बंद होतं, त्यामुळे सुयांचा दुसरा पुरावा नव्हता. शेवटी समितीने कपाटातली तिची बाटली उघडली. आत पापुद्रेच होते. नाजूक रूप बाटलीतल्या बाटलीत बदलून गेलं होतं. परीक्षक हसून म्हणाले, “मुलीने आकडा स्वप्नात पाहिला.” मग ते माझ्याकडे वळले. ते मोठे गृहस्थ होते आणि मी भांडणारा माणूस नव्हतो. मी मनाशी म्हटलं, आपण नीट पाहिलं होतं का? आपल्या चष्म्याचा नंबर तेव्हा वाढला होता. मला स्वतःच्या डोळ्यांपेक्षा दुसऱ्याच्या आवाजावर नेहमीच जास्त विश्वास वाटत आला आहे. मी लिहिलं, खात्रीने सांगता येत नाही.

ललिताने ते वाचलं. तिने ॲप्रन काढून खुंटीला लावला, वही माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “येते, सर.” बाकी काही नाही.

चार वर्षांनी ग्रंथालयात एका जाड पुस्तकात नाहीशा होणाऱ्या स्फटिकांबद्दल दीड पान वाचायला मिळालं. मी ते पान उभ्या उभ्या पुन्हा पुन्हा वाचलं. मग पुस्तक जागेवर ठेवलं आणि घरी आलो. तिला पत्र लिहिलं नाही. तिचा पत्ता विभागाच्या कार्यालयात होता, माझ्या खोलीपासून चाळीस पावलांवर.

---

आठवड्याने ऋचाबाईंनी कुरियरने एक खोकं पाठवलं. आत पाटीएवढं एक यंत्र होतं आणि चिठ्ठी होती: ‘वापरून झाल्यावर परत पाठवू नये.’

या यंत्रात दहा हजार बारीक थेंब असतात. प्रत्येक थेंबात ह-४७ इतकं ठासून विरघळवलेलं असतं, की तो स्फटिक व्हायला नुसता टेकलेला असतो. त्याला फक्त बीज हवं असतं. यंत्र आजूबाजूची हवा आत ओढतं. एखाद्या थेंबावर पापुद्र्याचा कण पडला की तो थेंब तत्क्षणी गोठून पांढरा होतो. स्वयंशाळेत शिरणाऱ्या प्रत्येक वस्तूची अशी तपासणी होते, आणि एक जरी थेंब पांढरा झाला तरी ती वस्तू आत जात नाही.

“बाही पुढे करा, सर,” त्या पडद्यावरून म्हणाल्या. “आणि एक श्वास सोडा.”

मी बाही पुढे केली. तो शर्ट धुतलेला होता, इस्त्रीचा होता. क्षणभर काही झालं नाही. मग एका कोपऱ्यात एक थेंब पांढरा झाला, शेजारी दोन, आणि मग तव्यावर लाह्या फुटाव्यात तसे चहूकडून थेंब पांढरे होत गेले. आकडा नऊ हजार चारशेवर थांबला.

मी बाही मागे घेतली.

“सर, मला हे सांगताना बरं वाटत नाही,” ऋचाबाई म्हणाल्या. “पण तुम्ही कधीही सड्यावर येऊ नका. आमच्या गाडीत बसू नका. आमच्यापैकी कुणी तिकडे आलं तर भेटू नका. एक कण आत गेला तर सुया कायमच्या गेल्या. आमच्याकडे दुसरा सडा नाही.”

“आणि ललिता?”

“त्यांची तपासणी केली. एकही थेंब पांढरा झाला नाही. तीस वर्षांत त्यांनी प्रयोगशाळेत पाऊल ठेवलेलं नाही. ॲप्रनसुद्धा घरी नेला नव्हता म्हणे.”

मी तिला ज्या गोष्टीतून घालवून दिलं होतं, तिच्यापासून दूर राहिल्यामुळेच ती एकटी स्वच्छ राहिली होती. हे ऋचाबाईंना ठाऊक नव्हतं. मला होतं.

“हे बीज चौदा नंबरमध्ये कुठून आलं असेल?” त्यांनी विचारलं. “कुठल्या वस्तूंना लागलं? ते कळलं तर त्या नष्ट करता येतील. ज्या हातांनी ते फिरलं, त्या हातांनी आणखी काय हाताळलं?”

मी कपाटाकडे पाहिलं.

---

शिंगेमामांना फोन केला. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, कागलजवळ मुलाकडे असतात.

“मामा, मी नेर्लेकर.”

“आवाजावरनं वळाकलं की! तुमी फोन केला म्हंजे कोण गेलं?”

“कुणी गेलं नाही. एक विचारायचं होतं. ललिता हेरवाडे आठवते?”

“न आठवायला काय झालं? त्या पोरीनं मला शिकवल्यालं, आलं कुटून न्हाई, किसून घालायचं.” मग त्यांचा आवाज उतरला. “लई वाईट केलासा तुमी त्या पोरीचं.”

मी ऐकून घेतलं.

“मामा, तिच्या सुया आल्या त्या दिवशी मी काय म्हणालो होतो, तुम्हाला आठवतंय का?”

“आता हे मला इच्यारताय व्हय? तुमी खिडकीपाशी काच धरली आन् म्हनला, ‘ललिता, तू तर माघातलं दहिवर गोळा करून आनलंस.’ समदी हसली. तुमी कंदी असं बोलत न्हवता, म्हून ध्येनात ऱ्हायलं.” ते थोडे थांबले. “आमी शिपाई मानूस. आमाला कुनी इच्यारलं न्हाई. तुमाला इच्यारलं हुतं.”

“हो,” मी म्हणालो, आणि बाहीचं, थेंबांचं सगळं त्यांना सांगितलं.

“सर, ते जे काय तुमच्या अंगावर हाय म्हनताय, ते माज्यावर बी आसंल का?”

“असेल, मामा. ललिता सोडून सगळ्यांवर असेल.”

“म्हंजे अजून एकाच घरातली हाय की आपुन,” शिंगेमामा म्हणाले आणि खोकल्यासारखं हसले.

---

जबाब लिहायला मला चार दिवस लागले. पहिल्या मसुद्यात चष्म्याचा नंबर होता, परीक्षकांचा स्वभाव होता, बंद पडलेलं क्ष-किरणांचं यंत्र होतं. तो फाडला. शेवटी पाऊण पान झालं. ऑगस्टातल्या गुरुवारी अकरा वाजता मी सुया पाहिल्या. समितीपुढे मी ते सांगितलं नाही. पापुद्रे मी आणले, मी उघडले, मी वाटले. चार वर्षांनी मला कारण कळलं, तेही मी सांगितलं नाही. खाली एक यादी: अकरा नावं, चौदा नंबरची खोली, वॉच ग्लास, स्पॅच्युला, आणि पहिल्या पिकांचं कपाट, बाटल्या एकशे बत्तीस.

शेवटच्या ओळीवर हात अडला. त्या बाटल्यांत दुसरेच पदार्थ होते, त्या कशाला जाळायच्या, असं स्वतःला विचारून पाहिलं. पण त्या हातोहात फिरल्या होत्या, तेच हात, त्याच काचा. आम्ही एकमेकांना जे दाखवत होतो, तेच पसरवत होतो. मी ओळ ठेवली आणि सही केली.

मार्चमध्ये पांढरे पोशाख घातलेली चार माणसं आली. त्यांनी मला बाहेर बाकावर बसायला सांगितलं. बाटल्या एका पेटीत गेल्या. त्यातल्या एकाने मला विचारलं, “आजोबा, यातलं काही ठेवायचं होतं का?” मी नाही म्हणालो. खोलीला त्यांनी बाहेरून पट्टी लावली. माझं टेबल आतच राहिलं. पुस्तकंही. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने मी निघालो, आणि फाटकापाशी पोचल्यावर लक्षात आलं की आता कुठे जायचं नाही.

विद्यापीठाने प्रबंध मान्य केला. ते मी वर्तमानपत्रात वाचलं. माझंही नाव होतं, माझ्याबद्दल जे म्हणायला हवं होतं तेच म्हटलेलं. शेजारचे एक गृहस्थ त्यानंतर जिन्यात भेटले की घड्याळ बघू लागले.

---

एप्रिलमध्ये फोन आला.

“सर, मी ललिता हेरवाडे बोलतेय.”

मी उभा राहिलो. “बोला.”

“बोला काय, सर? तू म्हणा की. एवढं काय मी मोठी झाले नाही.” आवाज भरदार झाला होता, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. “पुढच्या आठवड्यात मी सड्यावर जातेय. दोन वर्षं तरी तिथंच. गेल्यावर तुमच्याकडच्या कुणाला भेटता येणार नाही. त्याआधी तुम्हाला बघायचं होतं.”

“ललिता, तू येऊ नकोस. माझ्या बाहीवर, माझ्या श्वासात—”

“वाचलंय सगळं. नऊ हजार चारशे.” ती हसली असावी. “ऋचाबाईंशी भांडून परवानगी काढलीय. दोनशे मीटर अंतर आणि वारा माझ्याकडून तुमच्याकडे. विद्यापीठाच्या मागे खाणीचं तळं आहे ना? दुपारी चारला तिथं पश्चिमेचा वारा असतो. मी पश्चिमेच्या काठावर. तुम्ही पूर्वेच्या. फोनवर बोलू.”

मी अर्धा तास आधी जाऊन काठाने येरझाऱ्या घालत थांबलो. तळं अर्धं आटलं होतं. चारला पलीकडच्या काठावर एक बाई आली. निळसर साडी, एका हातात छत्री. चेहरा मला दिसत नव्हता. तिच्या पदराचं टोक माझ्या दिशेने उडत होतं, म्हणजे वारा बरोबर होता.

फोन वाजला.

“बारीक झालात, सर.”

“तुला दिसतंय?”

“चाल दिसली. तशीच आहे. भिंतीकडेने.” ती थांबली. “मी वर्गात दर वर्षी मुलांना तुरटीचे खडे करायला लावायची. दोऱ्यावर. एखाद्याचा खडा आला की सगळ्यांनी बघायचं, आणि काहीतरी म्हणायचं. नुसतं ‘छान’ चालायचं नाही.”

कपाट गेल्यापासून मला वाटत होतं की ती रीत आता फक्त माझ्या डोक्यात उरली आहे.

“एक आणलंय,” ती म्हणाली. तिने छत्री काखेत धरली आणि पिशवीतून काहीतरी काढून उन्हात वर धरलं. “ऋचाबाईंनी बंद नळीत थोड्या सुया पाठवल्यात. दिसतायत का, सर?”

मी डोळ्यांवर हात धरला. दोनशे मीटर, मोतीबिंदू झालेला एक डोळा. तिचा वर केलेला हात दिसत होता, त्या हातात काय आहे ते दिसत नव्हतं. ‘दिसतायत’ म्हणणं फार सोपं होतं, आणि तिला बरंही वाटलं असतं.

“नाही,” मी म्हणालो. “काही दिसत नाही.”

तिने हात खाली घेतला नाही.

“आणि तेव्हा?”

“जबाबात लिहिलंय, ललिता.”

“वाचलं. मला ऐकायचंय.”

वारा माझ्या अंगावर येत होता. त्यात उन्हाचा आणि सुकलेल्या गवताचा वास होता.

“तेव्हा दिसल्या होत्या,” मी म्हणालो. “गुरुवार होता. अकरा वाजले होते. मी काच खिडकीपाशी धरली होती. नखाएवढ्या लांब, पांढऱ्या, एकमेकींत अडकलेल्या. मी म्हणालो होतो की तू माघातलं दहिवर गोळा करून आणलंस. मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या.”

तिने नळी हळूच खाली घेतली. मग ती म्हणाली, “अण्णा शेवटपर्यंत विचारायचे. माझे वडील. म्हणायचे, बाळ, खरं सांग, आल्या होत्या का? मी रोज सांगायची, आल्या होत्या. मग मलाच वाटायला लागलं…” तिने वाक्य तिथंच सोडलं.

“मला माफ कर असं मी म्हणणार नाही,” मी म्हणालो. “तेवढा मला हक्क नाही.”

“नका म्हणू,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण मऊपणाही नव्हता. “मला अजून ठरवायचंय.”

पूर्वेला, माझ्या पाठीमागे, वळवाचे ढग चढत होते. मी ते पाहिले नव्हते. तिने पाहिले. तिच्या पदराचं टोक एकदा खाली पडलं, लोंबकळलं, आणि मग हळूच दुसऱ्या बाजूला उडायला लागलं.

“वारा फिरला, सर. मी निघते.”

“नीघ. लवकर नीघ.”

तिने नळी पिशवीत टाकली आणि झपाझप चढ चढू लागली. माथ्यावर पोचल्यावर ती वळली. तिथून तिने छत्री उंच धरून हलवली.

माझा हात आपोआप वर जाऊ लागला होता. मी तो धरून अंगाशी घट्ट दाबून ठेवला. वारा आता माझ्याकडून तिच्याकडे वाहत होता, आणि बाहीतून काय उडेल याचा भरवसा नव्हता.